नव्याण्णव हजार नऊशे बासष्ट

आमच्या गाडीतला पेट्रोलचा काटा चार वर्षं पाऊण टाकीवर उभा होता आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. टाकी भरलेली असो की कोरडी, गाडीत बसलं की समोर पाऊण टाकी पेट्रोल दिसायचं. सकाळी घराबाहेर पडताना इतका दिलासा देणारं दुसरं काही माझ्या आयुष्यात नाही. शेजारचा इंजिनाच्या तापमानाचा काटा कायम तळाशी निजलेला असे. म्हणजे पेट्रोल भरपूर आणि इंजिन थंड. माझ्या तब्येतीबद्दल एखाद्या डॉक्टरने असं काही सांगितलं असतं, तर मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलोच नसतो. पेट्रोल खरोखर किती उरलंय हे मी किलोमीटरच्या आकड्यावरून ठरवायचो. चारशे किलोमीटर झाले की पंपावर जायचं. त्या डॅशबोर्डावर खरं बोलणारं तेवढं एकच यंत्र होतं, असा माझा समज होता.

हे सुख बुधवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या फोनने संपवलं.

सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी खोटे तराजू, पोकळ वजनं आणि आखूड मीटरपट्ट्या पकडल्या. निवृत्त झाले, पण नजर निवृत्त झाली नाही. आमच्याकडे आले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, मग स्वतःच्या मनगटाकडे, मग माझ्याकडे. घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं तर त्या दोन मिनिटांचा खुलासा मला द्यावा लागतो. न्हाणीघरातला वजनकाटा मला दोन किलोंची सूट देतो. सासरे येणार म्हटलं की तो पलंगाखाली जातो आणि मीही पोट आत घेऊन वावरतो. ओरडणं त्यांना माहीत नाही. ते फक्त 'असं' म्हणतात. त्या 'असं'ला मी लग्नाच्या सव्विसाव्या वर्षीही तितकाच घाबरतो.

गाडी मूळची त्यांची. अकरा वर्षं वापरून त्यांनी ती आम्हाला दिली, आणि तेव्हापासून दर बुधवारी ते फोन करून किलोमीटरचा आकडा विचारतात. मुलीची खुशाली त्यानंतर. मीटर पाच घरांचं आहे. लाख किलोमीटर झाले की पाचही घरांत शून्य येऊन मोजणी पहिल्यापासून सुरू होते. त्या बुधवारी मी आकडा सांगितला: नव्याण्णव हजार नऊशे बासष्ट.

"अडतीस राहिले," ते म्हणाले. "आता गाडी हलवू नका, जावईबापू. रविवारी येतो. शून्य होताना मला बघायचंय."

बायकोने फोन ठेवल्यावर मला बाकीचं सांगितलं. त्यांचा डावा डोळा आधीच गेला होता. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते की वर्षभरात बारीक अक्षर दिसणं बंद होईल. "बाबांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही," ती म्हणाली, "हे एवढंच मागितलंय." आणि ती माझ्याकडे ज्या पद्धतीने बघत होती, त्यावरून हे एवढंच बिघडलं तर बिघडवणारा कोण असेल याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र दुसरंच काही आलं. सासरे पुढच्या सीटवर बसणार. भिंग काढणार. आकडा बघायला वाकणार, आणि आकड्याच्या बरोबर शेजारी त्यांना दिसणार रिकाम्या टाकीवर पाऊण टाकी सांगणारा काटा. खोटं माप. त्यांच्या गाडीत, त्यांच्या जावयाने चार वर्षं पोसलेलं. गाडी गॅरेजला न्यायची तर किलोमीटर खर्च होणार. म्हणून मी शुक्रवारी रजा टाकली आणि काटा घरीच दुरुस्त करायचं ठरवलं. एवढं भय नसतं तर मी असं काही केलं नसतं. आमच्या घरात बल्बसुद्धा बायको बदलते.

वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांच्या मते जगातलं कुठलंही यंत्र फक्त चार स्क्रूंवर उभं असतं. फ्रिज बिघडला, चार स्क्रू. लिफ्ट अडकली, चार स्क्रू. एकदा कोणाच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही ते असंच म्हणाले होते, आणि पुढे एक्स-रे पाहिल्यावर ते खरं निघालं, त्यामुळे त्यांचा वचक वाढला. सगळी इमारत त्यांना चारस्क्रू म्हणते; त्यांना तो बहुमान वाटतो. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीपाशी गेलो तेव्हा ते खुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊन आधीच खाली येऊन बसले होते. ही बातमी त्यांना कोणी दिली हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"काही नाही हो," ते म्हणाले, "चार स्क्रू आहेत."

नऊ निघाले. शिवाय प्लास्टिकच्या सहा खुंट्या, त्यांतल्या पाच मी काढल्या आणि सहावी तुटली. मग काट्यांचा सगळा डबा पुढे सरकला आणि मागे वायरींचं जंजाळ दिसलं. "प्रत्येक वायरला कागदी पट्टी चिकटवा, नंबर टाका," चारस्क्रू म्हणाले. हा सल्ला मला शास्त्रीय वाटला. मी अकरा वायरींना अकरा पट्ट्या लावल्या आणि डबा सोडवू लागलो. तो सुटेना. मागच्या बाजूला एक पिळाची बारीक तार दोन भोकांतून ओवून शिशाच्या चपट्या गोळीत अडकवलेली होती.

"हे काय असेल?"

"कंपनीचं पॅकिंग," वर्तमानपत्रामागून उत्तर आलं. "कापा."

मी कापलं.

डबा घेऊन मी वर आलो आणि तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. ती शिशाची गोळीही सोबत आणली होती. मी सुटलेली कुठलीही वस्तू टाकत नाही, नंतर ती महत्त्वाची निघते. बायको भाजी निवडत होती. तिने गोळी उचलली, उजेडात धरली आणि हातातली भाजी खाली ठेवली.

"हे बाबांचं सील आहे," ती म्हणाली.

लहानपणी ती असल्या गोळ्यांनी सागरगोटे खेळली होती. तपासलेल्या काट्याला तार ओवून ते शिसं दाबायचं, त्यावर निरीक्षकाचा क्रमांक उमटतो. क्रमांक तिला पाठ होता. तिने गोळी माझ्या तळहातावर ठेवली; तिच्यावर तोच क्रमांक होता. सीलबंद माप फोडणं म्हणजे काय हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून जेवताना ऐकत आलो होतो. सासऱ्यांच्या सगळ्या गोष्टी तिथेच संपायच्या: 'आणि बघतो तर सील तोडलेलं.' त्यानंतर त्या दुकानदाराचं काय झालं हे ते कधी सांगत नसत. तो मौनाचा भाग मला आता स्पष्ट ऐकू येऊ लागला.

"पण त्यांनी आपल्याच गाडीच्या मीटरला सील का लावलं?" मी विचारलं.

"कोणी हात लावू नये म्हणून," बायको म्हणाली.

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. गुन्हा होऊन गेला होता, निदान काटा तरी दुरुस्त व्हावा. काच काढली. पेट्रोलचा काटा त्याच्या खिळीपाशी धुळीने चिकटला होता. बोटाने हलवल्याबरोबर सुटला आणि आज्ञाधारकपणे शून्यावर गेला. इतकं सोपं. माझं चुकलं ते इथे. यश मिळालं की मी थांबत नाही. किलोमीटरच्या आकड्यांच्या पाच चकत्या एका बारीक दांडीवर ओवलेल्या असतात. ती दांडी मला कोरडी वाटली. तिला तेलाचा एक थेंब द्यावा म्हणून मी ती जराशी बाहेर ओढली. चकत्यांनी तेवढ्यात गिरकी घेतली.

मीटरवर चाळीस हजार सातशे अठरा झाले होते. गाडी एका थेंबात एकोणसाठ हजार किलोमीटर तरुण झाली, आणि मी तेवढाच म्हातारा.

शनिवारी सकाळी मी आकड्यांची पेटी रुमालात गुंडाळून कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे नेली. त्याने डोळ्याला भिंग लावलं, पेटी पाहिली आणि रुमालासकट माझ्याकडे परत सरकवली. घड्याळाचे काटे मी मागेपुढे करतो, तो म्हणाला, त्याला कोणी जाब विचारत नाही. गाडीचा आकडा फिरवायचा तर वाहन कार्यालयाचा कागद आणा. मी कागद आणायला गेलो. शहाण्या माणसाने जाऊ नये. पण भीती वाटू लागली की मला सगळं कायदेशीर करावंसं वाटतं.

खिडकीतल्या कारकुनाने मला शांतपणे ऐकून घेतलं.

"मीटर मागे नेणं हा गुन्हा आहे," तो म्हणाला.

"मला पुढे न्यायचंय."

"पुढे न्यायला अर्ज आहे. पण मग ते मागे कोणी नेलं?"

त्याने फॉर्म काढला. गाडी इथे आणायची, निरीक्षक सध्याचा आकडा पाहतील, तो खोटा असल्याचा दाखला देतील, मग खरा आकडा कोणता याचा पुरावा तुम्ही द्यायचा. मी म्हटलं, गाडी आणता येणार नाही, तिचं मीटर माझ्या रुमालात आहे. त्याने पेन थांबवलं आणि काचेतून रुमालाकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसानेही रुमालाकडे पाहिलं.

"नाव काय आपलं?"

दुसरा कोणी असता तर तिथून सटकला असता. मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, पत्ता सांगितला, पिनकोड विचारला नव्हता तोही सांगितला. मग 'पाणी पिऊन येतो' म्हणून बाहेर पडलो आणि तीन बसस्टॉप चालत गेलो, बसमध्ये कोणी पाठलाग करेल म्हणून.

घरी आलो तेव्हा बायको टेबलाशी बसली होती. तिने माझ्याकडून रुमाल घेतला, केसांतली पिन काढली आणि एकेक चकती टोकाने सरकवत, ओठ मुडपून, वीस मिनिटांत आकडा लावला. नऊ, नऊ, नऊ, सहा, दोन. शेवटचा दोन किंचित वर सरकलेला होता, पण दोनच होता. दांडी आत गेली. मी टाळ्या वाजवणार होतो, पण ती म्हणाली, "सीलचं काय ते तुम्ही बघा. बाबांशी खोटं मी बोलणार नाही. विचारलं तर तुम्ही बोला."

मी गोळी पुन्हा तारेत घालून पकडीने दाबून पाहिली. क्रमांक सपाट झाला. आता ते सील बाबांचं राहिलं नव्हतं, नुसतं शिसं होतं. मी ते खिशात टाकलं.

डबा परत बसवायला खाली गेलो, तर रात्रभराच्या दमटपणाने कागदी पट्ट्या सुटून गाडीच्या पायपोसावर पडल्या होत्या. अकराही. चारस्क्रू खुर्ची घेऊन आलेच. त्यांच्या मते रंगावरून सगळं कळतं. दोन वायरी एकाच रंगाच्या होत्या, त्यांबद्दल ते म्हणाले की एकाच रंगाच्या असतील तर कुठेही लावल्या तरी चालत असणार. मला हेही शास्त्रीय वाटलं. उजवा दिवा लावला की डावा लागत होता, तो आम्ही शोधून दुरुस्त केला. मग गाडी जागेवरच चालू ठेवली. पेट्रोलचा काटा शून्यावरून हळूहळू उठला आणि दहा मिनिटांत मध्यावर येऊन स्थिरावला. इतकी वर्षं निजलेला तापमानाचा काटाही, कुठली तरी ढिली वायर घट्ट बसल्यामुळे असेल, थोडा वर येऊन थांबला. दोन्ही जिवंत. चारस्क्रूंनी माझा हात हातात घेतला. अर्धी टाकी पेट्रोल आहे म्हणजे पंपावर जायला नको, एकही किलोमीटर वाया नाही, हा हिशोब मी त्याच आनंदात केला.

रविवारी दहाला सासरे आले. हातात नेहमीची कापडी पिशवी. घड्याळाकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घड्याळ बरोबर होतं; मी शनिवारी चारदा लावलं होतं. पुढच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेतली, भिंग काढलं आणि उजवा डोळा मीटरला जवळजवळ टेकवला.

"बासष्ट," ते म्हणाले. "दोन जरा वर आहे."

"रस्ते खराब आहेत," मी म्हणालो. गाडी तीन दिवस जागेवरून हललेली नव्हती.

बेत असा होता की शहराबाहेरच्या तलावापर्यंत जायचं आणि परत यायचं. घराच्या दोन किलोमीटर अलीकडे शून्य होईल. मी इतकी हळू गाडी चालवली की एक सायकलवाला आमच्याकडे काळजीने बघत पुढे गेला. खिशातलं शिसं मांडीला टोचत होतं. सासरे दर किलोमीटरला आकडा वाचत होते, आणि अधूनमधून भिंग शेजारच्या काट्याकडे वळवत होते. तलावाच्या चढाला मला कारण दिसलं. पेट्रोलचा काटा मध्याच्या वर गेला होता. आम्ही वीस किलोमीटर आलो होतो आणि आमच्याकडे निघालो तेव्हापेक्षा जास्त पेट्रोल होतं.

"असं," सासरे म्हणाले.

मागच्या सीटवरून बायकोने माझ्या खांद्याला बोट लावलं. मी तापमानाच्या काट्याकडे बघून धीर धरला. तो उलट खाली येत होता. चढ चढूनही इंजिन थंड होत चाललेलं. परतीच्या वाटेवर तो पार तळाला टेकला, आणि त्या दोन एकाच रंगाच्या वायरींचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला तेवढाच वेळ लागला. पेट्रोलचा काटा इंजिनाची उष्णता दाखवत होता. इंजिनाचा काटा पेट्रोल दाखवत होता. आणि तो तळाला होता.

गाडीने दोन आचके दिले, खोकली आणि रस्त्याच्या कडेला शांतपणे थांबली.

मीटरवर चार नऊ स्पष्ट होते. पाचवा नऊ अर्धा वर सरकून त्याच्या खालून शून्याची कड दिसत होती. अर्धा किलोमीटर.

"पेट्रोल संपलं," मी म्हणालो.

"काटा अर्ध्याच्या वर आहे," सासरे म्हणाले.

"हो. तो खोटं बोलतोय."

इतकं बोलून मी खाली उतरलो, कारण तिथे बसून राहणं मला झेपलं नसतं. पंप पुढे दीड किलोमीटरवर होता. बायको उतरली, तिने पदर खोचला आणि मागे जाऊन डिकीला हात लावले. मी दाराशी उभा राहून एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर ठेवला आणि खांदा लावला. गाडी हलली. चाकं फिरली की मीटर फिरतं; त्याला पेट्रोल लागत नाही. सासरे आत भिंग लावून बसले होते, आणि मला घामातून त्यांचा आवाज ऐकू येत होता: "चढतोय... चढतोय... थांबू नका."

पाचही चकत्या एकदम फिरल्या. बारीक टक् असा आवाज झाला. पाच शून्यं.

मी धापा टाकत थांबलो. वाटलं, आता ते हसतील, किंवा डोळे पुसतील. त्यांनी पिशवीत हात घातला आणि स्क्रूड्रायव्हर काढला. मग तारेची गुंडाळी, कोरी शिशाची गोळी आणि सील दाबायची जुनी पक्कड.

"मीटर काढायचंय," ते म्हणाले. "मागे माझं एक सील आहे. तेवढं मला तोडायचंय."

बायको मागून येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. बोलायचं मी, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. मी खिशातून सपाट झालेलं शिसं काढलं आणि खिडकीतून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी भिंगातून ते बराच वेळ पाहिलं. उलटं करून पाहिलं.

"कधी?"

"शुक्रवारी. काटा दुरुस्त करायला गेलो होतो."

"आकडा सरकला?"

"हो."

"कितीवर आला?"

"चाळीस हजार सातशे अठरा." मी गुन्ह्याचा तपशील द्यावा तसा दिला. "पण आम्ही परत बासष्टवरच लावला. अगदी तोच."

सासऱ्यांनी शिसं मिटलेल्या मुठीत धरलं आणि समोरच्या रस्त्याकडे बघितलं.

"माझा तेरा हजारांवर आला होता," ते म्हणाले.

गाडी घेतल्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांनीही मीटर घरी उघडलं होतं. दिवा गेला होता, तेवढाच बदलायचा होता. दांडीला तेल द्यावंसं वाटलं. चकत्या फिरल्या. आणि मूळ आकडा सत्तावीस हजार होता की बत्तीस, ते त्यांना काही केल्या आठवेना. अंदाजाने लावला. मग कोणी कधी आत बघू नये म्हणून सील ठोकलं.

"त्याच आठवड्यात मी एका दुकानदाराचा तराजू जप्त केला होता," ते म्हणाले. "वीस ग्रॅमचा फरक होता. त्याने खूप हात जोडले."

"पण बाबा, हे कोणाला कळणार होतं?" बायकोने विचारलं.

"मला कळलं होतं ना."

म्हणून दर बुधवारचा फोन. आमची खुशाली नंतर का, तेही मला समजलं. सोळा वर्षं ते त्या आकड्याची वाट बघत होते, एकदाचा तो संपावा म्हणून. "शून्यावर आलं की निदान पुढचं तरी खरं होईल," ते म्हणाले. "डोळा आहे तोवर व्हावं एवढीच धाकधूक होती. म्हटलं, मग तुमच्यासमोर सील तोडीन, सांगीन आणि नवं लावीन." मग त्यांनी माझ्याकडे नीट, तपासणीच्या नजरेने पाहिलं. "तोडायचं काम तुम्ही केलंत. सांगायचंही आधी तुम्हीच केलंत."

मी नऊ स्क्रू काढले. यावेळी एकही खुंटी तुटली नाही. तुटण्यासारख्या पाच उरल्या होत्या, त्याही माझ्यावर दया करून सुटल्या. सासऱ्यांनी तार ओवली, गोळी दाबली. क्रमांक जरा तिरका उमटला. डबा परत बसवताना वायरी अदलाबदल करू का, असं मी विचारलं. नको, ते म्हणाले, उद्या कोणीतरी जाणकार बघेल. जाणकार या शब्दावर त्यांनी जोर दिला नाही, तरी मला तो ऐकू आला.

पंप अजून एक किलोमीटर होता. मी पुन्हा दाराला खांदा लावला, बायको मागे गेली. सासरे आत ताठ बसले होते, भिंग डोळ्याला, आणि शेवटचं शून्य वर सरकताना मोठ्याने सांगत होते. आमच्या गाडीने अगदी खरा, सीलबंद, निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत कापलेला पहिला किलोमीटर हा आहे आणि तो मी ढकलत नेला आहे. बायको म्हणते, जास्त जोर तिने लावला. ते मोजायचं यंत्र नाही, हे आम्हा दोघांचं नशीब.